ओझरचे मिग, एकास बहात्तर

लष्करी विमानांच्या प्लास्टिक प्रतिकृतींमध्ये सर्वांत रुळलेले प्रमाण १:७२ आहे. सहा फुटांत ७२ इंच असतात, त्यामुळे खऱ्या विमानाचे सहा फूट या प्रमाणात बरोबर एका इंचात बसतात. इंचांच्या या सोप्या हिशेबामुळे १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये हे प्रमाण रूढ झाले. १९३६ मध्ये तिथल्या फ्रॉग कंपनीने ‘पेंग्विन’ या नावाने सेल्युलोज अॅसिटेटच्या भागांचे संच विकायला काढले आणि प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमान तयार करण्याच्या छंदाला तिथून सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धात आकाशातले विमान आपले की शत्रूचे हे केवळ आकारावरून ओळखण्याचे शिक्षण सैनिकांना द्यावे लागे. त्यासाठी याच प्रमाणातली काळी मॉडेले वापरली जात, आणि अमेरिकेत ती शाळकरी मुलांनी लाकडातून घडवून दिली. युद्धानंतर पॉलिस्टायरीन स्वस्त झाले. १९५३ मध्ये ब्रिटनच्याच एअरफिक्सने स्पिटफायरचा संच बाजारात आणला. पुढे जपानच्या हासेगावा आणि तामिया, अलीकडे चेक प्रजासत्ताकातील एड्युआर्ड अशा कंपन्यांनी साच्यांचे काम इतके बारीक केले की पंखावरच्या रिव्हेटसुद्धा मोजता याव्यात. १:४८ हे दुसरे लोकप्रिय प्रमाण. त्यात तपशील जास्त येतो, पण जागाही जास्त लागते.

दुबईसारख्या शहरात जागेचा हा मुद्दा निर्णायक ठरतो. जेबल अलीजवळची डिस्कव्हरी गार्डन्स ही नखील कंपनीने उभारलेली वसाहत आहे. इमारती बुटक्या, कॅक्टस, झेन, मुघल अशा बागांच्या कल्पनेवर बेतलेले त्यांचे गट, आणि घरे बहुतांशी स्टुडिओ किंवा एका बेडरूमची. भारतीय कुटुंबांची इथे मोठी वस्ती आहे आणि त्यांत मराठी घरेही आहेत. अशा घरात मॉडेलसाठी वेगळी खोली मिळत नाही. जेवणाचे टेबल रात्री कामाचे टेबल होते आणि सकाळी पुन्हा रिकामे करावे लागते. म्हणून विमान निवडण्याआधी मापे पाहावीत. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर आहे. म्हणजे १:७२ मध्ये जेमतेम १० सेंटिमीटर आणि १:४८ मध्ये १५ सेंटिमीटर. सुखोई-३० एमकेआयची लांबी जवळजवळ २२ मीटर असल्यामुळे ते १:७२ मध्येही ३० सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि १:४८ मध्ये ४५ सेंटिमीटर ओलांडते. डकोटा या जुन्या मालवाहू विमानाच्या २९ मीटर पंखांना १:७२ मध्येच ४० सेंटिमीटरहून रुंद कप्पा लागतो. पुस्तकांच्या कपाटात मिगचा अख्खा ताफा मावेल, पण दोन सुखोई ठेवायची म्हटली तर पुस्तके हलवावी लागतील.

मराठी माणसाने पहिले मॉडेल म्हणून मिग-२१ निवडावे, याला जागेपलीकडचेही कारण आहे. हे विमान नाशिकजवळच्या ओझरला तयार झाले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा तिथला कारखाना १९६४ मध्ये मिगसाठीच उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. एफएल, एम आणि बिस या तीन प्रकारांची मिळून सुमारे सहाशे विमाने भारतात तयार झाली. पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय हीसुद्धा ओझरच्याच धावपट्टीवरून उडाली. पहिले मिग-२१ पथक, २८ क्रमांकाचे, १९६३ मध्ये विंग कमांडर दिलबाग सिंग यांच्या नेतृत्वाखाली चंदीगडला उभे राहिले. हे विमान हवाई दलातून पूर्णपणे निवृत्त झाले ते २६ सप्टेंबर २०२५ रोजी, त्याच चंदीगडमध्ये. साठ वर्षांहून अधिक काळ चाललेल्या विमानाचे रंग, शस्त्रे आणि आकार सतत बदलत गेले. त्यामुळे ‘भारताचे मिग-२१’ असे एकच मॉडेल करता येत नाही. कोणता प्रकार, कोणते पथक आणि कोणते वर्ष, हे आधी ठरवावे लागते. कात्री हातात घेण्यापूर्वीचा हा अभ्यास म्हणजे या छंदाचा अर्धा भाग, आणि चांगले मॉडेल व सुबक खेळणे यांच्यातला फरक इथेच पडतो.

मिगचेच उदाहरण घ्यावे. ओझरला आधी तयार झालेल्या एफएल प्रकारात कॉकपिटचे पारदर्शक झाकण एकसंध होते. पुढची काच आणि मागचा घुमट मिळून ते एकत्रच पुढच्या बाजूला उघडत असे. पीएफएम या सोव्हिएत प्रकारात आणि त्यानंतरच्या प्रकारांत पुढची काच स्थिर झाली आणि मागचे झाकण उजव्या बाजूला उघडू लागले. म्हणून पीएफएमच्या खोक्यातले मॉडेल भारतीय चिन्हे लावून एफएल म्हणून ठेवले, तर जाणकाराला ते दुरूनच खटकते. एफएलसाठी पीएफ प्रकाराचा संच जवळचा. मात्र त्यातही शेपटीचा उभा पंख रुंद असलेला आणि ब्रेक पॅराशूटची नळी त्याच्या मुळाशी असलेला पाहून घ्यावा, कारण सुरुवातीच्या पीएफमध्ये हा पंख अरुंद होता. एम प्रकारात पाठीचा उंचवटा वाढला, पंखांखाली दोनऐवजी चार जागा झाल्या आणि तोफ पोटातच बसवली गेली. बिसचे आधुनिकीकरण करून झालेल्या बायसनमध्ये पुढच्या काचेची चौकट गेली आणि ती एकसंध, वक्र झाली. विमानाचा क्रमांकही बोलका असतो. एकआसनी मिगचे क्रमांक ‘सी’ या अक्षराने सुरू होतात आणि बायसनचे ‘सीयू’ने.

तारीख ठरली की शस्त्रे आपोआप ठरतात. भारत-पाकिस्तान युद्धात १४ डिसेंबर १९७१ रोजी २८ क्रमांकाच्या पथकातील चार मिग-२१ एफएल विमानांनी विंग कमांडर बिष्णोई यांच्या नेतृत्वाखाली गुवाहाटीहून उड्डाण करून ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर रॉकेटहल्ला केला. त्या विमानांच्या पंखांखाली ५७ मिलिमीटरच्या सोळा-सोळा रॉकेटांच्या दोन नळकांड्या होत्या, म्हणून मॉडेलवरही त्याच लावायच्या. त्याआधी दोनच दिवस, १२ डिसेंबरला, जामनगरच्या ४७ क्रमांकाच्या पथकातील फ्लाइट लेफ्टनंट बी. बी. सोनी यांनी कच्छच्या आखातावर पाकिस्तानचे एफ-१०४ पाडले, ते तोफेने. एफएलच्या पोटात तोफ नव्हती. जीपी-९ नावाचा तोफेचा वेगळा संच पोटाखाली मधोमध टांगावा लागे, आणि तो टांगला की त्या जागी इंधनाची जादा टाकी बसत नसे. मॉडेलच्या पोटाखाली तोफही आहे आणि टाकीही, असे दिसले तर ते विमान कधी उडालेच नाही असे समजावे.

खोक्यात भाग सुटे येत नाहीत. वितळलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबाने सोडले जाते. ते ज्या वाटांनी वाहते त्या वाटाही घट्ट होतात आणि भाग त्या चौकटींना चिकटलेलेच राहतात. या चौकटींना स्प्रू म्हणतात. भाग हाताने पिरगळून तोडू नये. सपाट तोंडाच्या कटरने आधी थोडे अंतर ठेवून कापावा आणि उरलेला खुंट धारदार पात्याने व बारीक कानसीने काढावा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलाचा अंश प्लास्टिकवर राहतो, त्यामुळे चौकटी कोमट साबणपाण्याने धुऊन सुकवाव्यात, नाहीतर रंग पुढे सोलला जातो. प्रत्येक जोड गोंदाशिवाय जुळवून पाहणे, ही सवय सुरुवातीपासून लावून घ्यावी.

पॉलिस्टायरीनसाठीचे सिमेंट हा नेहमीच्या अर्थाने गोंद नाही. त्यातले द्रावक दोन्ही कडांचे प्लास्टिक विरघळवतात, ते एकमेकांत मिसळते आणि द्रावक उडून गेले की दोन भागांचा एकच भाग होतो. पातळ सिमेंट लावताना कडा आधी जुळवून धरतात आणि ब्रशचे टोक सांध्याला फक्त टेकवतात. द्रव आपणहून फटीत ओढला जातो. मग हलका दाब दिला की सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक मणी वर येतो. तो दुसऱ्या दिवशी घासून काढला की फट दिसेनाशी होते, वेगळी लांबी भरायची गरज पडत नाही. धातूचे किंवा रेझिनचे भाग या सिमेंटने चिकटत नाहीत, त्यांना फेविक्विकच लागते. कॉकपिटच्या काचेला मात्र फेविक्विक लावू नये. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट धूर चढतो आणि तो पुसून जात नाही. काचेसाठी फेविकॉलसारखा पांढरा गोंद योग्य. वाळला की तो पारदर्शक होतो आणि चुकल्यास पाण्याने धुता येतो.

क्रम साधारण असा असतो: आधी कॉकपिट रंगवून पूर्ण करायचे, मग ते विमानाच्या दोन अर्ध्या भागांमध्ये बंद करायचे, आणि त्यानंतर पंख. नंतरच्या सोव्हिएत लढाऊ विमानांच्या कॉकपिटचा निळसर हिरवा रंग सर्वपरिचित आहे, पण सुरुवातीच्या प्रकारांत राखाडी रंगही दिसतो. म्हणून निवडलेल्या प्रकाराचे छायाचित्र पाहूनच रंग ठरवावा. तीन चाकांवर उभ्या राहणाऱ्या काही जेट मॉडेलांचे वजन मागे झुकते. अशा वेळी सूचनापत्रकात सांगितले असेल तितके शिसे सांधा बंद करण्यापूर्वी नाकात बसवावे, कारण नंतर तिथे हात पोचत नाही.

सांधे घासताना पत्र्यांमधल्या रेषा पुसल्या जातात आणि त्या पुन्हा कोराव्या लागतात. इथे प्रमाणाचे भान ठेवावे. मॉडेलवरची ०.२ मिलिमीटर रुंदीची रेषा म्हणजे खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरहून रुंद फट. पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड राहिली, तर ती खऱ्या विमानात ३६ मिलिमीटर होईल, आणि इतकी बोथट कड कुठल्याही लढाऊ विमानाला नसते. म्हणून कोरीव रेषा खोल करण्याच्या हौसेपेक्षा कडा पातळ करण्यावर वेळ द्यावा. हे काम फारसे कुणी करत नाही, पण त्याने मॉडेलचे रूप जेवढे बदलते तेवढे महागड्या जादा भागांनीही बदलत नाही.

रंगकाम हा या कलेचा सर्वांत नाजूक टप्पा आहे आणि आखाती हवेत तो आणखी नाजूक होतो. रंग तीन जातींचे असतात: अॅक्रिलिक, इनॅमल आणि लॅकर. अॅक्रिलिकचा वास त्यातल्या त्यात कमी. लॅकर सर्वांत चिवट आणि गुळगुळीत बसते, पण त्याच्या थिनरची वाफ बंद फ्लॅटमध्ये धोकादायक असते. खिडक्या लावून एसी चालू ठेवलेल्या स्टुडिओत ही वाफ रात्रभर घरातच फिरते, आणि त्याच खोलीत लहान मूल झोपलेले असू शकते. म्हणून पंखा व नळी असलेला छोटा स्प्रे बूथ, नळीचे तोंड खिडकीबाहेर आणि तोंडावर सेंद्रिय वाफा शोषणारा मास्क, एवढी तयारी नसेल तर अॅक्रिलिकच वापरावे. साधा कापडी किंवा कागदी मास्क वाफेपुढे निरुपयोगी असतो.

एअरब्रशसाठी रंग दुधाइतका पातळ करतात, दाब १५ ते २० पीएसआय ठेवतात आणि पाच ते आठ सेंटिमीटरवरून अनेक पातळ थर देतात. दुबईच्या उन्हाळ्यात बाल्कनीत हेच केले, तर थेंब पृष्ठभागावर पोचण्याआधी हवेतच सुकतात आणि पंख खरखरीत होतो. रंगात थोडे रिटार्डर घातल्याने सुकण्याचा वेग कमी होतो. दुसरी अडचण दमटपणाची. किनाऱ्याजवळच्या उन्हाळी हवेत इतकी वाफ असते की एसीतून बाहेर पडताच चष्म्यावर पाणी जमते. तेच पाणी थंड मॉडेलवरही जमते, फक्त लवकर दिसत नाही. त्यावर मारलेला रंग धरत नाही. लॅकर असेल तर त्यावर दुधाळ डाग येतात. मॉडेल बाहेर नेल्यावर आधी ते हवेच्या तापमानाला येऊ द्यावे, कोरडे पुसावे आणि मगच रंग घ्यावा. कॉम्प्रेसरमध्येही हवा दाबली गेली की वाफेचे पाणी होते. नळीवर पाणी अडवणारी वाटी नसेल, तर भर कामात एअरब्रशमधून पाण्याचा थेंब उडतो आणि संपूर्ण पंख पुन्हा घासावा लागतो. ही वाटी दर बैठकीला रिकामी करावी. शमाल हा धुळीचा वारा सुटलेल्या दिवशी रंगकाम करूच नये. धुळीचा ०.१ मिलिमीटरचा कण १:७२ च्या पंखावर सात मिलिमीटरचा खडा होऊन बसतो. नोव्हेंबर ते मार्च हा बाल्कनीत रंगवण्याचा उत्तम काळ, उन्हाळा जोडकामाचा.

१९७१ चे एफएल रंगवताना या सगळ्याची कसोटी लागते. ही विमाने मुळात उघड्या धातूची होती. युद्ध जवळ आले तेव्हा अनेक विमानांवर घाईने हिरव्या आणि तपकिरी छटा चढवल्या गेल्या. त्यात एकसारखेपणा नव्हता. पथकागणिक, कधी विमानागणिक नक्षी वेगळी दिसते. म्हणून दोन स्वतंत्र कामे करावी लागतात. आधी धातू. अॅल्युमिनियमच्या रंगाखाली चकचकीत काळा थर लागतो, आणि तो अगदी गुळगुळीत असावा लागतो, कारण राखाडी प्रायमरखाली लपणारा प्रत्येक ओरखडा धातूच्या रंगात उघडा पडतो. पॉलिश पेपर २००० नंबरपर्यंत चढत नेला तरी जास्त होत नाही. मास्किंग टेप लावून काही पत्रे किंचित गडद केले की धातू एकसुरी दिसत नाही. नाकातला शंकू आणि शेपटीचे टोक रडार व रेडिओच्या लहरींना वाट देणाऱ्या पदार्थाचे असल्यामुळे ते धातूच्या रंगात ठेवायचे नाहीत. सोव्हिएत घराण्याच्या विमानांत चाकांच्या तबकड्या हिरव्या असतात, हेही लक्षात ठेवावे. धातू पूर्ण वाळल्यावर त्यावर हेअरस्प्रेचा पातळ थर आणि मग हिरवा अॅक्रिलिक. हिरवा रंग सुकताच ओल्या, ताठ केसांच्या ब्रशने पंखाच्या पुढच्या कडेवर आणि यंत्रकामगारांचे पाय पडतात त्या जागी हलके घासले की खालचा हेअरस्प्रे विरघळतो, हिरवा रंग कणाकणाने सुटतो आणि धातू डोकावतो. घाईत रंगवलेले विमान उडून उडून जसे झिजते तसे ते दिसते. इथे हात आवरता आला पाहिजे. झीज दाखवण्याची हौस वाढली की उडत्या विमानाचे भंगार होते.

रंगाची छटा डब्यावरच्या क्रमांकावर सोडू नये. लहान वस्तूवर तोच रंग अधिक गडद वाटतो, म्हणून १:७२ साठी गडद रंगात थोडा पांढरा किंवा फिकट राखाडी मिसळावा. मूळ रंग पाहण्याची संधी यूएईत आहे. दुबई एअर शो हा दर दोन वर्षांनी नोव्हेंबरमध्ये होतो, आणि २०१३ पासून तो डिस्कव्हरी गार्डन्सच्या दक्षिणेला असलेल्या अल मक्तूम विमानतळाच्या परिसरात भरतो. २०२१ मध्ये तिथे भारतीय हवाई दलाचे तेजस लढाऊ विमान आणि सूर्यकिरण व सारंग ही हवाई कसरतींची पथके आली होती. शारजात १९३२ च्या विमानतळाच्या जागेवर अल महत्ता संग्रहालय आहे. तिथली अॅव्ह्रो अॅन्सन आणि डीसी-३ विमाने प्रवासी सेवेच्या रंगात असली तरी पत्र्यांचे जोड, रिव्हेटांच्या ओळी आणि पंखाच्या कडा हातभर अंतरावरून पाहता येतात. डीसी-३ म्हणजेच डकोटा. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य उतरवणारे विमान हेच, त्यामुळे भारतीय डकोटा करणाऱ्याला शारजाची ही फेरी फार उपयोगी पडते.

चिन्हे आणि क्रमांक डेकलच्या रूपाने येतात. डेकल पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचे असते. ते लावण्यापूर्वी चकचकीत वार्निशचा थर आवश्यक आहे. खरखरीत रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि त्याची पारदर्शक कड चंदेरी दिसू लागते. सेटिंग द्रावणाने डेकल मऊ होऊन कोरीव रेषांत उतरते. त्या काही मिनिटांत ते सुरकुतले तरी बोट लावू नये, सुकताना ते आपणहून ताठ होते. भारतीय हवाई दलाच्या वर्तुळात मध्ये हिरवा, त्याभोवती पांढरा आणि बाहेर केशरी असतो. छापताना केशरी अनेकदा लालसर उतरतो. तसे झाले असेल तर दुसऱ्या संचातली वर्तुळे घेणे बरे. जुन्या खोक्यातली डेकल पिवळी पडली असतील, तर ती पारदर्शक पिशवीत घालून काही दिवस खिडकीच्या काचेला आतून चिकटवावीत. उन्हाने पिवळेपणा जातो, आणि डिस्कव्हरी गार्डन्समध्ये उन्हाची वाट पाहावी लागत नाही. डेकलनंतर पातळ गडद तपकिरी वॉश रेषांत सोडून जादा पुसून घ्यावा आणि शेवटी संपूर्ण विमानावर मॅट वार्निश. उघड्या धातूचे भाग तेवढे मॅटपासून वाचवावेत.

तयार मॉडेलला मात्र तेच ऊन घातक असते. रंग उडतो, पारदर्शक प्लास्टिक ठिसूळ होते. खिडकीपासून दूर, बंद अॅक्रिलिक पेटीत ठेवलेले मॉडेल एसीच्या धुळीपासूनही वाचते. धूळ बसलीच तर कापडाने पुसू नये, मऊ, रुंद ब्रशने झटकावी. सुट्टीत ते भारतात न्यायचे असल्यास चाके, शस्त्रे आणि नाकाची सुई हे भाग शक्य तर पांढऱ्या गोंदानेच लावलेले असावेत, म्हणजे धक्का बसला तरी ते न मोडता सुटतात आणि पुन्हा चिकटवता येतात. मॉडेलचा भार पंखांवर न येता पोटावर येईल असा फोमचा खाच असलेला डबा करावा आणि तो हातातल्या सामानात ठेवावा. थिनर, लॅकर, सिमेंट आणि स्प्रेचे डबे ज्वालाग्राही असल्याने विमानप्रवासात नेता येत नाहीत. दुरुस्तीला लागणारा गोंद आणि रंग उतरल्यावर गावातच घ्यावा.